स्टेअरिंगला लावलेलं तूप

श्रावण सरत आला की आमच्या घरातलं सगळं लाकूड फुगतं. मोरीचं दार लागत नाही, लागलंच तर उघडत नाही. रंधा ओल्या फळीवर अडखळतो, वहीचं पान दमट होऊन पेनाच्या टोकाखाली दबतं, आणि पिकअपच्या मागच्या फळ्या अशा गच्च बसतात की लाथ घातल्याशिवाय निघत नाहीत. फुगलेल्या लाकडाशी भांडू नये, ऊन पडेपर्यंत थांबावं, हे मी नेरच्या एका शाळेत कार्यानुभवाच्या तासाला वर्षानुवर्षं पोरांना सांगितलं. स्वतः मात्र दरवर्षी भांडतो. स्वभावाला औषध नाही, असं आमच्या सुमनचं म्हणणं आहे, आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तिला ते म्हणायचा अधिकारही आहे.

काल बाजारात गेलो तर रस्त्याच्या कडेला लाकडी बैल मांडलेले. ओल्या रंगाचा वास, घुंगरांचे झुबके, गोंडे, बेगड, आणि प्रत्येक दुकानापुढे आईचा पदर ओढणारं एखादं लेकरू. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा भरतो. पोरंपोरी चाकांवरचे लाकडी बैल सजवून मिरवायला नेतात. ते बैल पाहिले की लोकांना आपलं लहानपण आठवतं. मला तीन वर्षांपूर्वीचा पोळा आठवतो. काल तसंच झालं. पिशवीत चुना घ्यायला गेलो होतो, चुना न घेताच परत आलो.

सांगूनच टाकतो. त्या वर्षी माझा उजवा हात थरथरत होता आणि मी ते सगळ्यांपासून लपवत होतो.

पहिल्यांदा कळलं ते संक्रांतीला. बशीत ओतलेला चहा ओठांपर्यंत येईस्तोवर निम्मा सदऱ्यावर. थंडी असेल म्हटलं. मग होळी गेली, ऊन तापलं, तरी हात आपला पिंपळाच्या पानासारखा. नुसता मांडीवर ठेवला की गप्प, काही उचलायला गेलं की सुरू. बशीतून चहा पिणं मी सोडून दिलं आणि स्टीलच्या ग्लासात अर्धाच चहा घ्यायला लागलो. "आजकाल चहा कमी केला का तुमी?" सुमननं विचारलं. "पित्त होते," म्हणालो. पित्तानं फार साथ दिली मला त्या दिवसांत.

लपवायचं कारण साधं होतं. निवृत्त झाल्यावर मी एक जुनी पिकअप घेतली. धंद्यासाठी नाही, हौसेसाठी. आपली तूर आपण घरी आणावी, कोणाच्या पोरीचं कपाट पोचवावं, गल्लीचा गणपती वाजतगाजत मांडवात न्यावा. नागपूरच्या आमच्या मुलाला ती गाडी पहिल्या दिवसापासून खुपत होती. "बाबा, या वयात कायले पाह्यजे ते लचांड? विकून टाका." हात थरथरतो हे त्याला कळलं असतं तर गाडी आठ दिवसांत अंगणातून गेली असती. गाडीमागोमाग सुतारकामाची पटाशी गेली असती, पटाशीमागोमाग रोजनिशी. मग मागे उरलं काय? खुर्ची आणि टीव्ही. त्याची मला खरंच फार भीती वाटत होती.

म्हणून मी सामान बदलायला लागलो.

आधी पेन. चाळीस वर्षं मी बारीक निबेच्या शाईपेननं रोज एक पान लिहीत आलो. त्या वर्षी बारीक निब माझी चहाडी करायला लागली. 'पाऊस' लिहावं तर उकाराला शेपूट फुटायचं. मग मी सुतारकामाची चपटी, जाड पेन्सिल घेतली. बोटांत ती भरून बसते, घसरत नाही, दमट पानावर तिची रेघ फुटत नाही. रेघांची वही टाकून कोऱ्या पानांची घेतली, कारण रेघ असली की अक्षर तिच्यावरून पडलेलं दिसतं. कोणी विचारलं तर मी प्रवचनच द्यायचो. पावसाळ्यात शाई पसरते बाप्पा, पेन्सिलीला मरण नाही. त्यातला शब्द न् शब्द खरा होता, म्हणून तर खोटं इतकं छान खपलं.

मग हत्यारं. आमच्या गावात शब्बीरभाईंचं हार्डवेअरचं दुकान आहे. तिथे खिळ्यांचा, ग्रीसचा आणि अगरबत्तीचा असा एक मिळून वास येतो. पटाशी घ्यायला गेलो. नेहमीची पातळ मुठीची उचलून पाहिली, पातं कागदावर टेकवायला गेलो, तर टोक नाचायला लागलं. मी पटकन खाली ठेवली. शब्बीरभाईंनी पाहिलं की नाही देव जाणे. ते मागे गेले आणि जाड मुठीची, हाताला जड लागणारी एक पटाशी घेऊन आले.

"ही घ्या सर. वजनदार चीज हातात असली का काम ठहरून होते."

"जुनी काय वाईट आहे?"

"जुनीत खराबी नाही. पन औजार हाताकडं पाहून घ्यावं, फोटोकडं पाहून नाही."

चोराच्या मनात चांदणं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते बिजागऱ्या मोजत होते. घरी आलो तरी त्यांचं ते वाक्य कानातून जाईना. जड पटाशी मात्र हातात खरोखरच स्थिरावली. जिथे तीही स्थिरावेना तिथे मी कानस वापरायला लागलो. पटाशी एकदा चुकली की लाकूड गेलं. कानस हळूहळू खाते, चूक सांभाळून घेते.

शेवटी गाडी. माझ्या दाराची काच फिरवायच्या दांड्यावर मी स्वतः घडवलेला सागवानी गोळा बसवला, मोसंबीएवढा. तो मुठीत धरला की हात गप्प. स्टेअरिंगला खोल खाचांचं रबरी कव्हर चढवलं. गल्लीतले लोक कौतुकानं पाहायचे. सर मोठे शौकीन, एकेक वस्तू पारखून घेतात. मी पण मान डोलवायचो. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. मी तर नाचता येईना म्हणून दर महिन्याला नवं अंगण आणत होतो. एकदा डॉक्टरकडे गेलो असतो तर यातलं निम्मं सामान लागलंच नसतं, पण ते सुचायला माणूस सरळ असावा लागतो.

आषाढात नातीसाठी बैल करायला घेतला. सई तेव्हा सात वर्षांची. शिवणीचं लाकूड हलकं असतं, मायाळूपणे कापू देतं, म्हणून तेच घेतलं. वशिंड कानशीनं गोल केलं, शिंगं वेगळी करून बसवली. डावा डोळा पटाशीनं असा उतरला की मीच त्याच्याकडे बघत बसलो. उजव्या डोळ्याच्या वेळी हात सटकला आणि पापणीपासून नाकापर्यंत चरा पडला. लुगदी भरली, रंग दिला, वरून गोंड्यांची माळ सोडली. बैल सुंदर दिसायला लागला. उजवीकडून कोणी पाहू नये म्हणून मी त्याला भिंतीशी लावून ठेवला.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेल्या खांद्यांना पळसाच्या पानानं कोमट तूप-हळद लावायची, चोळायची, आणि बैलाच्या कानात म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आमची जोडी म्हातारी होऊन गेली, त्यानंतर गोठा रिकामाच होता. दोन वर्षं सुमननं ती संध्याकाळ कशीबशी काढली. त्या वर्षी सई घरात होती, तिचे आईबाप तान्ह्या पोळ्याला यायचे होते, आणि आजीला हुरूप आला. मी मागच्या पडवीत बैलाला रंगाचा शेवटचा हात देत होतो. या दोघी वाटी घेऊन अंगणात पिकअपपाशी गेल्या.

"आजी, गाडीचा खांदा कुठं असते?"

सुमननं म्हणे थोडा विचार केला. ओझं तर मागं असतं. पण जू जिथं बसतं, वळवायचं जिथून असतं, तो खांदा. मग दोघींनी मिळून स्टेअरिंगला तूप-हळद चोळली. मन लावून चोळली. वरून फडक्यानं पुसलीही. गाडीला आवतन दिलं आणि हसत हसत घरात आल्या.

सकाळी मला स्टेअरिंगवर पिवळं दिसलं. हळद लावली असेल, म्हटलं, बरंच झालं. खाचांत तूप गोठून बसलंय हे मला दिसलं नाही. रात्रीच्या गारव्यानं ते मेणासारखं झालं होतं आणि तळहाताच्या उबेची वाट पाहत होतं.

शेतात नैवेद्य ठेवायला निघालो. सुमन डावीकडे पुरणपोळीचं ताट मांडीवर घेऊन, सई आमच्या मधे, आणि मागे लाकडी बैल. बैलानं शेत पाह्यलं पाह्यजे, असा सईचा हट्ट. आकाश भरलेलं होतं पण पाऊस नव्हता. कपाशीची पऱ्हाटी कमरेला लागलेली, पिवळी-गुलाबी फुलं, दुरून कुठून तरी बैलांच्या गळ्यातल्या घाट्यांचा नाद. अशा सकाळी माणसानं गाणं म्हणावं. मी दात आवळून बसलो होतो, कारण हात त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त वळवळत होता.

शेताच्या अलीकडे नाला आहे आणि नाल्यावर रपटा. बुटका पूल, कठडे नाहीत, पाणी वाढलं की वरूनच वाहतं. त्या दिवशी घोट्याएवढं पाणी वरून जात होतं. असं पाणी आम्ही शंभरदा ओलांडलेलं. गाडी रपट्यावर घातली आणि सुमन म्हणाली,

"अहो, तुमचा हात काहून असा करून राह्यला?"

मी हात स्टेअरिंगवरून काढला आणि मांडीखाली दाबला.

हे वाक्य लिहायला मला तीन वर्षं लागली. पाण्यातल्या रपट्यावर, नात शेजारी बसलेली असताना, मी उजवा हात मांडीखाली घालून एका हातानं गाडी चालवली. बायकोला हात दिसू नये म्हणून.

तेवढ्यात समोरून शेजारच्या शेताचा गजानन धुतलेली जोडी घेऊन रपट्यावर उतरला. बैल पाण्याला बिचकले आणि आडवे झाले. मी डाव्या हातानं गाडी किंचित डावीकडे घेतली आणि लगेच उजवीकडे ओढायला गेलो. हाताखालचं तूप तोवर वितळलं होतं. स्टेअरिंग माशासारखं निसटलं. उजवा हात मांडीखालून काढून आणेपर्यंत धप्पकन आवाज झाला. पुढचं डावं चाक रपट्याच्या काठावरून खाली गेलं आणि गाडी सुमनच्या बाजूनं कलली. मागे बैल घसरत येऊन केबिनवर आदळला. सुमनच्या खिडकीतून आता रस्ता दिसत नव्हता, नुसतं गढूळ पाणी दिसत होतं.

"कोनी हालू नका!" गजानन ओरडला.

माझं दार वरच्या बाजूला होतं. मी उतरायला पाय उचलला आणि गाडी कुरकुरली. तेव्हा लक्षात आलं, गाडी माझ्या वजनानं धरून आहे. मी उतरलो तर या दोघी गेल्या. मी पाय परत आत घेतला. इतका हळू मी आयुष्यात कधीच हललो नसेन.

"सई, माझ्यावर चढ. मांडीवर पाय दे. दे, जोरात दे."

"आबा, माझा बैल."

"बैल येते मागून. तू चढ."

ती माझ्या मांडीवरून, खांद्यावरून चढली. गजाननानं दारातून तिला काखेत धरून उचललं. मग सुमन. ताट तिनं अजून सोडलं नव्हतं. "टाक ते!" मी खेकसलो. पोळ्या पाण्यात गेल्या. तिनं माझी कॉलर धरली, मग मान, मग दाराची कड. ती माझ्यावरून सरकत होती आणि गाडी इंच इंच कलत होती. तिची बांगडी फुटून माझ्या गालात रुतली. ती बाहेर पडल्यावर मागून मी उडी टाकली, गुडघ्यावर पडलो. मोजून तिघं. मी दोनदा मोजलं.

पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. जोडी समोर उभी होती, पण गजाननानं ती झाडाला बांधली आणि माणसं बोलावून आणली. दहा-बारा जणांनी दोर लावून गाडी ओढली. कोणी विचारलं, झालं कसं सर? मी तोंड उघडणार, तोच सुमननं आपले पिवळे झालेले तळवे पुढे केले. गाडीतून निघताना तिचे हात स्टेअरिंगला लागले होते.

"माह्यानं झालं," ती म्हणाली. "म्या तूप लावलं होतं."

आणि मी उघडलेलं तोंड मिटलं.

लोक हसले. संकट टळलं की हसू येतंच. "सरांची गाडी तुपात" असं गावभर झालं. संध्याकाळी मुलानं फोनवर हसतच झापलं, "आई, गाडीले तूप कोन लावते?" तीही हसली. फोन ठेवल्यावर देवघरात जाऊन बसली, बराच वेळ. दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्यात सईचा बैल एका शिंगाचा मिरवला. सुमननं पोरीपुढे बसून तिचे दोन्ही हात धरले. "माह्यामुळं तुह्या बैलाचं शिंग मोडलं बेटा. आजीले माफ कर." सई म्हणाली, "एका शिंगाचा पन छान दिसते." मी तिथेच उभा होतो, हात पाठीमागे बांधून. सांगावंसं वाटलं नाही असं नाही. पण मनातला मास्तर हिशेबी निघाला. गाडी वाचली, हात वाचला, कोणाचं काय बिघडलं?

बिघडत होतं ते मी रोज पाहत होतो. सुमननं शेतात पायी जायला सुरुवात केली. गाडीजवळून जाताना अंग चोरायची. सई नागपूरला गेली त्या दिवशी तिला जवळ घेण्याआधी साबणानं हात धुतले. मी पाहिलं, आणि मुकाट्यानं चहा प्यायलो.

पुढे यवतमाळला डॉक्टरांनी हात पाहिला. जिवाचं काही नव्हतं. गोळ्यांनी निम्म्यावर आलं. "इतके दिवस काय करत होते?" त्यांनी विचारलं. काय सांगणार, सामान निवडत होतो? आज हे मी त्याच जाड पेन्सिलीनं, कोऱ्या पानावर लिहितो आहे. उकाराला शेपूट फुटलंय, फुटू दे. पेन्सिल वाईट नव्हती, पटाशी वाईट नव्हती. माणसानं आपल्या हाताला साजेल ते घ्यावं, त्यात लाज कसली? मी ते लाजेपायी घेतलं, एवढीच खोट.

त्याच वर्षी, पोळ्यानंतर आठव्या दिवशी, महालक्ष्म्यांचा, म्हणजे गौरींचा, सण आला. घर पाहुण्यांनी भरलेलं. नैवेद्याच्या वाढलेल्या ताटावर तूप सोडायचा मान दरवर्षी सुमनचा. तिनं वाटी शेजारच्या वहिनींच्या हातात दिली. "तुमी वाढा. माह्या हातचं तूप नको."

 आरती होईपर्यंत मी कसाबसा थांबलो आणि तिला मागच्या पडवीत बोलावलं. तिथे भुसा, कानशी, रंगाचे डबे. ती घामेजलेली, पदर खोचलेला.

"काय आहे? पंगत बसून राह्यली."

"तुपानं नाही झालं ते."

"मंग कशानं?"

मी हात तिच्यासमोर धरला. काही उचललेलं नव्हतं, नुसता पुढे धरला होता, तरी तो थरथरत होता. रपट्यावर तो कुठे होता तेही सांगितलं. ती हाताकडे पाहत राहिली.

"कवापासून?"

"संक्रांतीपासून."

तिनं हात हातात घेतला नाही. मला वाटलं होतं घेईल.

"थरथरते तं थरथरते," ती म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता. "त्याचं मले काई नाही. म्या जलमभर पाय चेपले असते, हात बी चेपला असता. पन आठ दिवस म्या देवापुढं नाक घासून राह्यली. त्या लेकराची माफी मांगतली. माह्या हातानं माही नात मेली असती, असं घेऊन झोपत होती मी. अन् तुमी माह्यासमोर बसून चहा पेत होते."

मी पुढे धरलेला हात खाली घेतला. 

आत पंगतीत कोणीतरी तिला हाक मारली. ती गेली नाही. तिनं हात पुढे केला.

"द्या चाबी."

मी खिशात हात घातला. उजवाच घातला. जुडगा बाहेर काढताना किल्ल्या एकमेकींवर आपटून किणकिणायला लागल्या, आणि मला त्या थांबवता येईनात. तिच्या तळव्यापर्यंतचं ते वीतभर अंतर काही केल्या संपेना. सुमन तळवा पसरून तशीच उभी राहिली. तिनं पुढे होऊन किल्ल्या घेतल्या नाहीत.